वरंब्यावरचे पाय

आश्विन लागला की आमच्या मळ्यातल्या उन्हाचा रंग बदलतो. भादव्यातलं ऊन कसं चिकट, अंगाला लागून राहणारं. आश्विनातलं मात्र धुऊन वाळत घातल्यासारखं. सकाळी मेथीच्या वाफ्यांवर दव असतं. दांडानं पाणी सोडलं की तापलेली माती आधी घोटभर पिते आणि मग वास सोडते. तुरीला फुलं येऊ की नको करत असतात. ऐंशीच्या घरात आले मी. डोळे, कान, गुडघे सगळे आपापल्या सोयीनं काम करतात. पण हा वास आला की नाक मात्र अठरा वर्षांचं होतं, त्याला कोण काय करणार?

यंदा तो वास आला तेव्हा माझ्यासमोर एक इंग्रज उघडाबंब उभा होता. म्हणजे मोबाइलमध्ये. माझी नात पूर्वा बुलढाण्याला कॉलेजात शिकते आणि बॉक्सिंग खेळते. पोरीच्या जातीनं ठोसे मारायचे म्हणून तिच्या आईनं आधी चार दिवस अबोला धरला होता, आता तीच तिच्या हातमोज्यांना ऊन दाखवते. तर पूर्वा सुट्टीला आली आणि माझ्या बाजेवर पाय पसरून म्हणाली, "आजी, हा पाहा. इंग्लंडचा आहे. मिडलवेट."

"मिडलवेट म्हंजे?"

"म्हणजे मधल्या वजनाचा. फार जड नाही, फार हलका नाही."

"मंग मधला गडी म्हण ना."

"बरं, मधला गडी. सगळे म्हणतात हा फार पुढे जाणार. काही म्हणतात नाही जाणार, याचं अंग अजून भरायला पाहिजे, वजन वाढवायला पाहिजे. तुला काय वाटतं?"

आता मी काय सांगणार? तो पोरगा गोरापान, नाक जरा वाकडं, हातात तांबडे फुगे बांधल्यासारखे मोजे. मी म्हटलं, "हात राहू दे. याचे पाय दाखव."

"पाय? आजी, ठोसे हातानं मारतात."

"ते तुले वाटते. पाय दाखव."

बिचारीनं शोधून शोधून पाय दिसतील असं चित्र लावलं. मी चष्मा चढवून बराच वेळ पाहत बसले. पांढऱ्या बुटातले ते पाय फळीवर असे पडत होते, की जणू खाली कोणीतरी नुकतीच मेथी पेरली आहे. आणि मग इंग्लंडही गेलं, मोबाइलही गेला. मला आमचे भाऊजी दिसायला लागले, वरंब्यावरून पळत येणारे.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बाजारात शेर-मण जाऊन किलो आले होते, आणि म्हाताऱ्या बाया "किलो म्हंजे किती शेर, ते सांग आधी" असं विचारल्याशिवाय वांग्याला हात लावत नव्हत्या. माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष. देऊळगाव राजापासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि गावाला लागून आमचा माळ्यांचा मळा. मळ्यातच घर. घरात मामाजी, म्हणजे माझे सासरे; मालक, म्हणजे माझा नवरा; आणि धाकटे दीर नामदेव, माझे भाऊजी. सासूबाई त्या वर्षी नणंदेच्या बाळंतपणाला साखरखेर्ड्याला जाऊन बसल्या होत्या. त्यामुळे चूल माझ्या एकटीच्या हाती. भाकरी कधी करपायची, कधी फुगायची, पण विचारणारं कोणी नव्हतं. त्या मोकळीकीची चव मला अजून आठवते.

भाऊजी पैलवान होते. पैलवान म्हटलं की पोट, मान आणि झुलत चालणं डोळ्यासमोर येतं ना, तसं काही नव्हतं. बेताची उंची, बारीक कंबर, आणि मांड्या मात्र ओढ्याकाठच्या करंजीच्या खोडासारख्या. पहाटे गावातल्या तालमीत जायचे, दिवस वर आला की परत यायचे. गावाकडून घराकडे सरळ यायचं तर मधे चौदा वाफे. दोन वाफ्यांच्या मधे मातीचा जो वीतभर रुंद उंचवटा असतो तो वरंबा. त्याच्यावरून आम्ही कोणी चालत नव्हतो, बांधानं वळसा घालून यायचो. कारण वरंबा ढासळला की एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात जातं आणि मेथी कुजते. भाऊजी मात्र अनवाणी, त्या वरंब्यावरून पळत यायचे. ओल्या वरंब्यावरूनसुद्धा. अंगाला तालमीची तांबडी माती, खांद्यावर लंगोट वाळत टाकलेला, आणि मागे एक ढेकूळ ढळलेलं नसायचं. मी ओसरीत भाकरी थापता थापता पाहायची. वाटायचं, याच्या पायाखाली माती श्वास धरून बसते की काय!

त्या श्रावणापासून भाऊजींनी लागोपाठ कुस्त्या मारल्या. आजूबाजूच्या गावांतून नारळ आले, फेटे आले. मग काय, गावाला दुसरा विषय उरला नाही. हा पुढे किती जाणार, याचा अंदाज जो तो आपल्या धंद्याच्या मापानं करायचा. गणपा न्हावी म्हणायचा, "मान पाहा, मान! वस्तऱ्याले वळसा घालाले वेळ लागते." शिंपी म्हणायचा, "मान जाऊ दे बे, छाती बोल. यंदा सदऱ्याले वीतभर कापड जास्त लागलं." पिठाच्या चक्कीवाल्यानं तर आमच्या घरच्या दळणावरून भाकीत केलं होतं. मी नुसती ऐकायची. सून माणूस, बोलणार काय? पण मनात म्हणायची, तुमच्यापैकी एकानं तरी त्यांचे पाय पाहिले का?

पाय पाहिलेला एकच माणूस होता, हुसेन वस्ताद. तालीम त्यांची. पांढरी दाढी, चेपलेले कान, आणि बोलणं इतकं कमी की महिनाभराचं एका मुठीत मावेल. ते म्हणायचे, "ये मधला गडी आहे. याचं सगळं पायात आहे."

मग बालाजीच्या जत्रेच्या दंगलीतली जोड ठरली. जालन्याकडचा एक पैलवान, लोक त्याला हत्तीच म्हणायचे, त्याच्याशी आमच्या भाऊजींची दंगलीतली शेवटची, मानाची कुस्ती. जिंकणाऱ्याला चांदीचं कडं. बातमी आली त्या संध्याकाळी मामाजींनी भाऊजींना विहिरीवर बोलावलं. मी दांडाचं बारं फोडून वाफ्यात पाणी घेत होते, माझ्यासमोरच झालं सगळं.

"हे पाह्य, नामा," मामाजी म्हणाले, "मोटेवर माणूस पाह्यजे. तुह्या भावाची कंबर धरते. या जत्रेत कडं आणलं, तर अंगात जीव हाये तवर मोट मी हाकीन, तुले एक शब्द बोलणार नाई. नाई आणलं, तर लंगोट खुंटीले आन कासरा हातात. कबूल?"

भाऊजींनी मोटेच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "कबूल, बाबा."

मामाजी कठोर नव्हते हो. मोट खरंच माणूस खात होती, आणि मालक रात्री उताणे झोपू शकत नव्हते. पण भाऊजींचा चेहरा मी पाहिला. लंगोट खुंटीला लावणं म्हणजे काय, हे त्यांच्यापुरतं मला तेव्हाच समजलं.

ही अट गावात फुटली, आणि मारुतीच्या पारावर सगळे जमले. आपला गडी मधला, समोरचा हत्ती. मग उपाय काय? आपल्या गड्याला हत्ती करायचं! झालं, दुधाची पाळी लागली. रोज एका घरचं दूध. म्हशीचं, धारोष्ण. पहिल्या दिवशी पाटलांकडून तांब्याभर आलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावकीनं मोठा तांब्या पाठवला, कारण पाटलांपेक्षा कमी कसं पाठवायचं? तिसऱ्या दिवशी चरवी आली. आठवड्यात कळशीवर गेलं प्रकरण. वर खारका, तुपातले लाडू, बदाम. वस्ताद पारावर एकदाच बोलले म्हणे, "अरे भाई, घोड्याले हत्तीचा चारा नका घालू." पण ते इतकं हळू बोलले, की ऐकलं फक्त शेजारी बसलेल्या कुत्र्यानं.

आणि दर बाजाराच्या दिवशी वजन! अडत्याच्या दुकानापुढे धान्याचा मोठा काटा टांगलेला असायचा. एका पारड्यात भाऊजी, दुसऱ्यात लोखंडी वजनं. मी समोरच पाल टाकून भाजी विकायला बसलेली असायची. अडत्या ओरडायचा, "दोन किलो वाढला!" की लोक टोप्या उडवायचे. एक म्हातारा दर खेपेला विचारायचा, "म्हंजे किती शेर?" आणि शेरांत सांगितलं की तो एकटाच पुन्हा टोपी उडवायचा. असा आनंद मी गावात पुन्हा पाहिला नाही. माणसांना आपल्या हातानं कोणाला तरी मोठं करायला मिळालं होतं.

त्याच दिवसांत माझे वरंबे ढासळायला लागले.

आधी वाटलं घूस असेल. मग वाटलं, शेळी. मळ्याच्या कडेला काशीमावशीची झोपडी होती. एकटी बाई, एक शेळी, आणि दोघींना कोणी नाही. मी तरातरा गेले आणि म्हटलं, "मावशी, शेळी बांधून ठेवत जा ना वं! सारे वरंबे तुडवून राह्यली."

काशीमावशी जात्यावरून उठली, माझ्याबरोबर वाफ्यापर्यंत आली, वाकली आणि म्हणाली, "माह्या शेळीच्या पायाले पाच बोटं कवापासून आली वं?"

मी पाहिलं. ढासळलेल्या मातीत पाचही बोटं साफ उमटलेली. डाव्या टाचेवर विळ्याच्या जुन्या घावाची अर्धी चंद्रकोर. ते पाय मला माहीत होते. चौदा वाफ्यांत अकरा ठिकाणी वरंबा ढासळला होता. काशीमावशी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मी मातीकडे.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले तशी मी भाकरी वाढली आणि सरळ विचारलं, "भाऊजी, पाय जड झाले का?"

ते घास तोंडाशी धरून थांबले. "दिसलं का तुमाले?"

"अकरा ठिकानी."

"मले समजून आठ दिवस झाले, वहिनी. वस्ताद डाव सांगते, तो डोक्याले समजते, पायाले उशिरा समजते. पट काढाले, पाय ओढाले जातो, तं समोरचा निंगून जाते."

"मंग सांगत काऊन नाई? बंद करा ना दूध!"

"कोणाले सांगू?" ते हसले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "काल काशीमावशीची पाळी होती. आर्धा तांब्या शेळीचं दूध. शेळी देते तेवढं सारं घेऊन आली. स्वतः कोरा चहा पेली. तिले म्हनू, मावशी, तुह्या दुधानं मी कुस्तीत पडून राह्यलो?"

गाव देत होतं ते प्रेमानं, आणि प्यालं तर लंगोट खुंटीला जाणार होता. त्या दिवशी भाकऱ्या सगळ्या करपल्या. माझं डोकं चुलीपेक्षा जास्त तापलं होतं. पण दुपारी निंदायला आलेल्या बाया झाडाखाली कोरड्या भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन बसल्या, आणि त्यांना पाहता पाहता मला वाट दिसली.

दूध यायचं ते माझ्या हाती. पाजायचं ते माझ्या हाती. मग मी भाऊजींना म्हटलं, "उद्यापासून दूध एकटीचंच, काशीमावशीचं. तिचं आर्धा तांब्या, तेबी तिची पाळी येईल तवाच. बाकीचं माह्याकडे सोपवा."

बाकीच्याचं मी विरजण लावलं. त्या आश्विनात आमच्या मळ्यात निंदणाऱ्या बायांनी जेवढं दही खाल्लं तेवढं त्यांच्या माहेरीसुद्धा खाल्लं नसेल. लाडू त्यांच्या लेकरांना गेले. एक जण तर म्हणाली, "बाई, तुमच्याकडे निंदन संपूच नये वाटते." उरलेल्या ताकाची घरात कढी. सकाळी कढी, संध्याकाळी कढी. मामाजी एकदा म्हणाले, "काऊन वं, कढीचं व्रत धरलं का?" मी म्हटलं, "भाज्या बाजाराले लागतात, मामाजी." माळ्याच्या घरात भाजी कमी पडते, हे ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मिशीवर हात फिरवला आणि पुन्हा वाटी पुढे केली.

संध्याकाळी मी वरंब्यांवर पाण्याचा हात मारायची, माती नरम राहील अशी, म्हणजे जरा जड पडलेलं पाऊलही लपणार नाही. पहाटे भाऊजी वरंब्यावरून पळत तालमीला गेले की मी पदर खोचून चौदा वाफे तपासायची. कुठं बोट रुतलं, कुठं कड सुटली. ते आले की सांगायची. "आज नऊ." मग "आज आठ." एका दिवशी पुन्हा नऊ झाले, तर म्हणाले, "काल पाटलांनी घरी बोलावून समोर बसून पाजलं हो!" दोघंही हसत सुटलो. सहा झाले, पाच झाले. त्या पहाटा काय होत्या! धुकं नाही, थंडी नाही, नुसता गार उजेड. विहिरीवर मोटेचं चाक करकरायचं. कोथिंबिरीच्या वाफ्याशी वाकलं की वासानं डोकं हलकं व्हायचं. मी आयुष्यात शाळा फार पाहिली नाही, पण त्या दिवसांत मी रोज एका माणसाचे पाय वाचले.

एक गोष्ट मात्र मी विसरले होते. काटा!

बाजार दुसऱ्या दिवशी, आणि भाऊजींचं वजन उतरलेलं. अडत्या ओरडणार, गाव विचारणार, आणि सगळं बाहेर येणार. मी रात्रीचा स्वयंपाक सोडून विचार करत बसले. मळ्यात काय होतं? नवरात्राची रताळी होती! मालकांचा लग्नातला कोट होता, त्याला आतून बाहेरून मिळून पाच खिसे. झालं. आश्विनातलं ते ऊन, लोक उपरण्यानं वारा घेताहेत आणि आमचे भाऊजी काळा कोट घालून काट्यावर.

"काऊन बे नामा, कोट?" अडत्यानं विचारलं.

"हिव भरून राह्यलं थोडं."

"हिव? मंग दूध वाढवा रे याचं!" पाटील गरजले. माझ्या हातातला मुळा खाली पडला.

पारडं खाली गेलं. "एक किलो वाढला!" टोप्या उडाल्या. भाऊजी उतरायला वाकले आणि खिशातून एक चांगलं वीतभर लाल रताळं सटकून घरंगळत चाललं. ते चाललं थेट अडत्याच्या पायांकडे. तेवढ्यात हुसेन वस्ताद पुढे झाले, त्यांनी रताळ्यावर पाय ठेवला, आणि मग दमल्यासारखे लुंगी पसरून त्यावर बसलेच. बाजार उठेपर्यंत तो माणूस रताळ्यावर बसून होता.

संध्याकाळी ते मळ्यात आले. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

वस्तादांनी रताळं ओट्यावर ठेवलं. "बेटी, दूध किती दिवस बंद आहे?"

"आठ दिवस, वस्ताद."

"तीन दिवस उशीर केलास," म्हणाले आणि वळले. चार पावलं गेल्यावर थांबून वाफ्यांकडे पाहत राहिले. "आन माती आनखी नरम ठेव."

त्या दोन वाक्यांवर मी पुढचे कितीतरी दिवस तरंगत होते.

जत्रेच्या आदल्या पहाटे मी चौदा वाफे तपासले. तेरा वाफ्यांचे वरंबे जसेच्या तसे. शेवटचा एक, घराजवळचा, काठाशी ढासळलेला. भाऊजींनी विचारलं, "किती?" मला खोटं बोलता आलं असतं.

"एक."

ते म्हणाले, "एक तं एक."

दंगलीला बायांनी जायची रीत नव्हती. आम्ही दर्शन करून बैलगाडीशी थांबायचं, पुरुषांनी आखाड्यावर जायचं. पण आमची गाडी नेमकी मैदानाच्या कडेला सुटली होती. त्या बाजूला गाड्यांचीच रांग, आणि लोक गाड्यांवर चढून बसलेले. मी आणि काशीमावशी गाडीखाली सावलीला बसलो. भाकरीचं गाठोडं मधे. मी सहज पुढे पाहिलं, तर चाकाच्या आऱ्यांमधून आखाडा दिसत होता! सगळा नाही. वरून लोकांचे लोंबते पाय आणि धोतरं, त्यामुळे दिसायचं ते फक्त गुडघ्याखालचं. दुसऱ्या कोणाला ते काही कामाचं नव्हतं. मला तेवढंच पाहिजे होतं.

हलगी कडाडली. काशीमावशीनं पदरात तोंड घातलं. "मले नाई पाहवत. तू सांग."

"पायच दिसून राह्यले, मावशी."

"कोनाचे?"

"दोघायचे."

"मंग कोन जिंकून राह्यलं?"

"आताच कसं सांगू? सलामी तं होऊ द्या!"

जालन्याचे पाय म्हणजे जात्याचे दोन दगड रोवल्यासारखे. हलायचे कमी, पण हलले की माती दबायची. भाऊजींचे पाय त्यांच्याभोवती फिरत होते, कधी चवड्यावर, कधी टाच टेकून, पुन्हा चवड्यावर. मला ते चौदा वाफे दिसत होते. हा मेथीचा, हा मुळ्याचा, इथं कड कच्ची आहे, जपून. बराच वेळ गेला. ती मोठी पावलं आता उचलली जायच्या ऐवजी फरफटायला लागली. मी मावशीचा हात धरला. आणि अचानक भाऊजींचे पाय दिसेनासे झाले.

आखाड्यात दोनच पाय. जालन्याचे.

"काय झालं वं? लोक काऊन ओरडले?"

"उचललं त्यायले," मी म्हटलं. मनात फक्त विहीर आली, खुंटी आली, आणि तो शेवटचा ढासळलेला वरंबा.

किती वेळ ते वर होते देव जाणे. मग ते पाय खाली आले. आपटले नाहीत हो, उतरले. पहाटे वरंब्यावर उतरायचे तसे, आधी चवडा, मग टाच, आणि ते जालन्याच्या पायांच्या मागे उतरले होते! पुढचं मला समजलं नाही. माती उडाली, चार पायांचा गुंता झाला, हलगी थांबली, आणि धुरळ्यातून दोन तळवे वर आले, आभाळाकडे. बस, दोन उताणे तळवे. लोकांचा इतका कल्लोळ की काही ऐकू येईना.

मी चाकाला डोळा लावून डावी टाच शोधली. मातीनं माखलेली, रुंद, साफ टाच. चंद्रकोर नव्हती.

ते तळवे माझ्या ओळखीचे नव्हते.

"मावशी," मी म्हटलं, "आपले पाय उभे हायेत!" आणि मी गाडीखालीच उठायला गेले. ते टेंगूळ दिवाळीपर्यंत होतं.

परत येताना गाव काय बोलत होतं म्हणून सांगू! पाटील म्हणाले, "शेवटी म्हशीचं दूध!" त्यांची भावकी म्हणाली, "चरवी कोणाची होती पन?" गणपानं मान दाखवली, शिंप्यानं छाती. चक्कीवाल्यानं आमच्या दळणाला हात जोडले. भाऊजी हातात चांदीचं कडं घालून सगळ्यांना एकच म्हणत होते, "तुमच्याच दुधानं, तुमच्याच." खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. ते दूध कुठल्या तरी पोटांत गेलंच होतं, आणि निंदणाऱ्या बाया त्या दिवशी सगळ्यांत जोरात ओरडल्या होत्या.

काशीमावशी गाडीच्या मागच्या टोकाला बसली होती. हळूच म्हणाली, "माह्यं तं आर्धाच तांब्या होता. शेळीचं. त्याचं काय होते?"

"मावशी," मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "तुमच्याच दुधानं जिंकले ते." तिला वाटलं, सगळ्यांना म्हणतात तसं मी म्हणाले. देवाशप्पथ खरं बोलले होते मी. गावात एवढं खरं फक्त तिलाच सांगता येत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चाक करकरलं. मोटेवर मामाजी. जेवायला बसले तेव्हा मी भरीत वाढलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं. "काऊन सूनबाई? आटलं का गावाचं दूध?"

मी त्यांना आणखी भरीत वाढलं. ते भाकरी मोडत म्हणाले, "यंदा वरंबे बाकी झ्याक राखले तुवा." मान वर केली नाही, पण खांदे हलत होते.

भाऊजी पुढे आठ-नऊ वर्षं खेळले. मधलेच राहिले. त्यांचा फोटो कुठल्या पेपरात आला नाही, पण पंचक्रोशीत त्यांच्या नावानं लेकरांची नावं ठेवली गेली. आता तेही म्हातारे. काठी टेकत रोज संध्याकाळी येतात, आणि बांधाचा वळसा घालायचा कंटाळा करून वरंब्यावरूनच येतात. ढासळतो वरंबा, पाच-सहा ठिकाणी. मी खुरपं घेऊन मागून लावून घेते. मोजत नाही.

काल आले तेव्हा पूर्वानं त्यांच्यापुढे मोबाइल धरला. "आजोबा, तुम्ही सांगा. हा मोठा होणार का? आजी नुसते पाय पाहत बसली."

भाऊजींनी काठी बाजेला टेकवली. मोबाइल आधी लांब धरला, मग जवळ. त्या गोऱ्या पोराचे पाय त्यांनी पाहिले, पुन्हा पाहिले. आश्विनाचं ऊन उतरलं होतं, वाफ्यात पाणी चाललं होतं. मी म्हटलं, आता काहीतरी जाणकाराचं बोलतील.

"पोरगा चांगला हाये," ते म्हणाले. "मस्त हाये. पन मले एक सांग..."

"काय?"

"याच्या गावात म्हशी किती?"

पूर्वा आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिली. आम्हाला मात्र हसू आवरेना, इतकं की भाऊजींची काठी घरंगळत वाफ्यात गेली.